वासराची पाठवणी

‘वात्सल्य’ हा शब्द ‘वत्स’ म्हणजे वासरूं यावरून आला. आमच्या संतकवींनींही गाय-वासराची उपमा मुक्तहस्तें योजिली आहे. परंतु त्या उपमेंत भेट आहे, ताटातूट आहे; ताटातुटीची तयारी मात्र क्वचितच आढळते. पुढील साहित्यांतही ही उणीव राहिली आहे.

वियोग ही एका क्षणाची गोष्ट नव्हे, हें गुरें राखणारा जाणतो. अमेरिकेंत मांसासाठीं वाढविलेलीं वासरें सहा-आठ महिन्यांचीं झालीं म्हणजे कुरण सोडून, धान्य चारून पुष्ट करण्याच्या वाड्यांकडे रवाना होतात. जाणते पशुपालक त्यापूर्वीं सुमारें दीड महिना त्यांचें दूध तोडतात. कित्येक जण कुंपणाच्या एका अंगास गाय व दुसऱ्या अंगास वासरूं ठेवतात; तोंड दिसतें, आचळ मिळत नाहीं. याच अवधींत लसी टोचतात, खच्चीकरणाच्या जखमा भरूं देतात, गव्हाणींत खावयास शिकवितात. हें न करतां थेट वाहनांत चढविलेलें वासरूं भेदरतें, खाणें सोडतें आणि पुष्कळदां फुप्फुसाच्या विकारानें आजारी पडतें. त्या प्रवासाचा शेवट कत्तलखान्यांत होतो, हें झाकण्याचें कारण नाहीं. महाराष्ट्रांत २०१५ पासून बैलांच्या कत्तलीसही बंदी आहे. पण विकलेलें वासरूं येथेंही घर सोडतेंच.

कालिदासाला हें मर्म कळलें होतें. शाकुंतलाचा चौथा अंक बहुतांशीं तयारीचाच आहे. म्हणूनच शकुंतलेनें वाढविलेलें पोरकें हरिणशावक तिचें वस्त्र ओढतें, तेव्हां आपण गलबलतों. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’ (१९७१) या कादंबरींत ट्रॅक्टर येतो व जनावरें जातात. तें दुःख खरें वाटतें, कारण त्यांचें रोजचें जगणें वाचकानें नारबाच्या तोंडून आधींच ऐकलेलें असतें. मात्र तेथें तयारी होते ती वाचकाची. नारबाची व जनावरांची कोणीच करीत नाहीं. माझ्या मतें त्या कादंबरीची खरी शोकांतिका हीच. आमचे पुष्कळ कथालेखक दावें सुटतांच डोळे पुसूं लागतात. त्यापूर्वींचे दिवस त्यांना लिहिण्याजोगे वाटत नाहींत.

मीं त्यांना दोष देतों खरा. पण लहानपणीं आमच्या रत्नागिरीकडच्या घरचा एक पाडा विकला, तेव्हां आम्हींही त्याला कुंकू लावलें, ओवाळलें, रडलों. पेंडीला तोंड लावावयास मात्र त्याला कोणीं शिकविलें नव्हतें.