स्थान आणि दोष : संगणकावरील बटणे व पोर्ट यांच्या मांडणीची मीमांसा

टीकाशास्त्राचा विषय म्हणजे साहित्यकृती, अशी आपल्याकडील सर्वसाधारण समजूत आहे. परंतु वापरासाठी घडविलेली प्रत्येक वस्तू ही वापरणाऱ्याला उद्देशून काही तरी सांगत असते, आणि जे सांगितले जाते ते नीट सांगितले गेले आहे की नाही, हे पाहण्याचा अधिकार टीकाकाराला असावयास हरकत नसावी. दाराच्या मुठीकडे पाहून दार ओढावयाचे की ढकलावयाचे हे कळते किंवा कळत नाही. संगणकाच्या पेटीवर बटण कोठे आहे आणि तार खोचण्याची खोबण, म्हणजे पोर्ट, कोणत्या बाजूस आहे यावरूनही रचनाकाराने आपल्या वाचकाची कोणती मूर्ती मनाशी धरली होती, हे ओळखता येते. प्रस्तुत लेखात या मांडणीचा विचार भाषाभ्यासकाच्या दृष्टीने करावयाचा आहे. विषय किरकोळ वाटेल, हे मला मान्य आहे. तो किरकोळ का नाही, हे प्रथम एका अनुभवावरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत एका वृद्ध बाईंचे मालवणी बोलीतील कथन नोंदविण्याचे ठरले होते. हे काम एका संशोधक विद्यार्थ्याकडे होते. संगणकाची पेटी टेबलाखाली, पाठ भिंतीकडे करून ठेवलेली. त्याने खाली वाकून, हात पेटीच्या मागे घालून, चाचपत मायक्रोफोनची पिन बसविली. पिन घट्ट बसली. पडद्यावर वेळेचा आकडा पुढे सरकू लागला. बाई तासभर बोलल्या. लग्नातील गाणी, पेरणी, समुद्राची भीती, सारे काही आले. त्या गेल्यावर पाहतो तो मुद्रणात तासभराची शांतता! पिन गुलाबी खोबणीऐवजी तिच्या लगतच्या हिरव्या खोबणीत, म्हणजे आवाज आत घेण्याच्या जागेऐवजी बाहेर सोडण्याच्या जागेत गेली होती. बाईंना पुन्हा येणे झाले नाही. विभागाच्या नोंदवहीत मी त्या दिवसापुढे ‘हाताळणीतील चूक’ असा शेरा लिहिला आणि त्या विद्यार्थ्याने तो मुकाट्याने मान्य केला. तो शेरा बरोबर होता काय, हाच या लेखाचा प्रश्न आहे.

भाषाशास्त्रात ज्याला आपण समरूपता म्हणतो तिचे हे उदाहरण आहे. ‘कर’ हा शब्द घ्या. त्याचा अर्थ हात, त्याचा अर्थ सरकारी देणे, आणि ‘करणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूपही तेच. तरीही ‘कर भरला’, ‘कर जोडले’ आणि ‘एवढे काम कर’ या वाक्यांत श्रोत्याचा घोटाळा होत नाही, कारण वाक्यातील स्थान आणि शेजारचे शब्द अर्थ निश्चित करतात. संगणकाच्या पाठीवरील साडेतीन मिलिमीटर व्यासाच्या खोबणी अशाच समरूप आहेत. पण त्या एकाखाली एक अशा चिकटून बसविलेल्या असल्यामुळे त्यांना संदर्भ असा उरतच नाही. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांच्या सहकार्याने निघालेल्या ‘पीसी ९९’ या आराखड्याने त्यांना रंग दिले : मायक्रोफोनला गुलाबी, बाहेर जाणाऱ्या आवाजाला पोपटी, आत येणाऱ्याला फिकट निळा. १९८७ साली आयबीएमच्या ‘पीएस/२’ संगणकांबरोबर आलेल्या सहा टोकांच्या खोबणींचीही तीच कथा. कळफलकाची आणि माउसची खोबण आकाराने तंतोतंत एकच. पुढे एकीला जांभळा आणि दुसरीला हिरवा रंग देऊन भेद दाखविण्यात आला. रंग हा उपाय वाईट नव्हे. परंतु रंग डोळ्यासाठी असतो, आणि ही जागा अशी की तेथे डोळा पोहोचत नाही, हात पोहोचतो. जे हाताला वाचावयाचे आहे ते डोळ्याच्या लिपीत लिहिले, हा येथील मूळ दोष होय.

दुसरा दोष दिशावाचक शब्दांच्या विवेचनातून स्पष्ट होईल. ‘मागे’ आणि ‘पुढे’ हे शब्द कधी वस्तूच्या अंगाने वापरले जातात, कधी बोलणाऱ्याच्या अंगाने. ‘झाडाच्या मागे’ म्हणताना आपण आपल्या जागेवरून बोलतो, कारण झाडाला स्वतःचे तोंड नाही; ‘घराच्या मागे’ म्हणताना मात्र घराचे दार कोणीकडे आहे हे पाहतो. संगणकाच्या पेटीला घराप्रमाणे पुढचे आणि मागचे अंग आहे. तिच्या पाठीवरील चिन्हे आणि त्यांचा क्रम हा पेटीमागे उभे राहून पाहणाऱ्याच्या डावी-उजवीस धरून मांडलेला असतो. कारखान्यातील जुळारी तसा उभा राहतो. वापरणारा मात्र समोर बसलेला असतो आणि तेथूनच हात वळवून मागे नेतो. त्याच्या लेखी सारी डावी बाजू उजवी होते. पुस्तिकेतील चित्र आणि हाताचा अनुभव यांचा मेळ बसत नाही तो यामुळे. रचनाकाराने वाक्य लिहिले खरे, पण ज्याने ते वाचावयाचे त्याच्या जागेवरून लिहिले नाही.

असे का झाले, याचे उत्तर दुष्टपणात शोधणे अन्यायाचे ठरेल. इंटेलने १९९५ साली पुढे आणलेल्या ‘एटीएक्स’ मांडणीत पोर्ट मुख्य फलकाच्या मागच्या कडेलाच जोडलेले असून, त्यांच्यासाठी पेटीच्या पाठीला सुमारे १५९ मिलिमीटर लांब आणि ४४ मिलिमीटर उंच अशी एक खिडक ठरवून दिलेली आहे. यामुळे कोणाचाही फलक कोणाच्याही पेटीत बसतो. हा लाभ मोठा आहे. पोर्ट समोर आणावयाचा तर आतून वेगळी तार ओढावी लागते, म्हणजे खर्च आणि खटाटोप वाढतो. शिवाय तारांचे जंजाळ मागे दडते, हेही अनेकांना हवेच असते. मांडणीमागे कारण असते, हे टीकाकाराने विसरता कामा नये. मात्र कारण सांगणे आणि समर्थन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा फरक समजण्यासाठी ॲपलची दोन उपकरणे पाहू. या कंपनीचा लौकिकच मुळी रचनेच्या नीटसपणाबद्दल असल्यामुळे तिची उदाहरणे अधिक बोलकी आहेत. २०१५ साली निघालेल्या ‘मॅजिक माउस २’ या बिनतारी माउसची विद्युत्भरणाची खोबण त्याच्या पोटाला आहे. भरण चालू असताना माउस पाठीवर उताणा पडतो आणि तेवढा वेळ निरुपयोगी होतो. २०२४ साली खोबणीचा प्रकार बदलून यूएसबी-सी झाला. स्थान तेच राहिले. समर्थनार्थ असे म्हटले जाते की, दोन मिनिटांच्या भरणावर हा माउस नऊ तास चालतो, असा कंपनीचाच दावा आहे. मग अडचण ती केवढी? युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. परंतु बॅटरी संपते ती नेमकी काम चालू असतानाच, आणि त्या क्षणी वापरणाऱ्याला हवे असते ते काम न थांबणे. वरचा पृष्ठभाग अखंड दिसावा, यासाठी तो क्षण खर्ची घातला गेला. दुकानात पाहणाऱ्याच्या डोळ्याला जे दिले ते टेबलाशी बसलेल्याच्या हातातून काढून घेतले आहे.

२०२४ सालचा ‘मॅक मिनी’ हे उदाहरण अधिक संमिश्र, म्हणून अधिक उद्बोधक आहे. सुमारे १२.७ सेंटिमीटर चौरस एवढ्या या लहानशा पेटीच्या दर्शनी भागावर दोन यूएसबी-सी पोर्ट आणि श्रवणयंत्राची खोबण आहे. २०२० सालच्या त्याच नावाच्या पेटीत सारे पोर्ट पाठीला होते; तेव्हा ही सुधारणा निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु त्याच वेळी चालू-बंद करण्याचे बटण पेटीच्या तळाला, मागच्या डाव्या कोपऱ्यात गेले. कोपरा किंचित उचलून किंवा खाली बोट सरकवून ते दाबावे लागते. हे बटण क्वचितच लागते, असे याचे समर्थन केले जाते. येथे प्रश्न असा की, कोणाला क्वचित लागते? यंत्र निद्रिस्त ठेवून उठणाऱ्यास ते खरोखरच क्वचित लागेल. आपल्याकडे भिंतीवरील प्रत्येक प्लगला स्वतंत्र खटका असतो आणि संध्याकाळी तो बंद करूनच कार्यालयातून बाहेर पडावयाचे, ही काटकसरीची आणि सावधगिरीची जुनी शिस्त आहे. अशा ठिकाणी तेच बटण रोज सकाळी लागते. ‘क्वचित’ हे क्रियाविशेषण निरपेक्ष नाही. त्याच्या पोटात एक विशिष्ट देश आणि एक विशिष्ट दिनक्रम दडलेला आहे.

बटण लांब असण्याचा जसा दोष, तसाच ते नको तितके जवळ असण्याचाही. १९७७ सालच्या ‘ॲपल २’ संगणकाच्या कळफलकावर ‘रिसेट’ ही कळ ‘रिटर्न’ या कळीच्या लगत वर होती. दिवसातून शेकडो वेळा लागणारी कळ आणि चाललेले काम एकदम तोडणारी कळ यांचा हा शेजार! पुढे ‘कंट्रोल’ ही दुसरी कळ सोबत दाबल्याखेरीज ‘रिसेट’ लागू होऊ नये, अशी सोय करण्यात आली. दोष मान्य करून तो दुरुस्त केल्याचे हे चांगले उदाहरण आहे. तरीही कित्येक लॅपटॉपांवर आज चालू-बंदची कळ ‘डिलीट’च्या शेजारी बसविलेली आढळते, एकदा शिकलेला धडा पुन्हा विसरला जाऊ शकतो, एवढेच यावरून दिसते.

खर्चाच्या मुद्द्याचा येथे थोडा अधिक विचार केला पाहिजे. १९९६ साली सिद्ध झालेल्या यूएसबीची चपटी पिन एकाच बाजूने बसते, आणि ती उलटसुलट करून पाहण्याचा अनुभव कोणास नाही? बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले आणि या रचनेच्या शिल्पकारांपैकी एक असलेले अजय भट्ट यांनी पुढे मुलाखतीत सांगितले की, दोन्ही बाजूंनी बसणारी पिन करावयाची तर तारा आणि मंडले दुप्पट लागली असती व खर्च वाढला असता. नवी पद्धत सर्वत्र रुजवावयाची असताना हा निर्णय समजण्यासारखा आहे. २०१४ साली दोन्ही बाजूंनी बसणारी यूएसबी-सी ठरली, आणि युरोपीय संघाने तर २०२२ साली कायदा करून मोबाइलादी उपकरणांना ती बंधनकारक करण्याचे ठरविले. अशा रीतीने पोर्टच्या रूपाचा प्रश्न बराचसा सुटला. स्थानाचा मात्र रचनाकाराच्या मर्जीवर राहिला. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर शब्दरूपे प्रमाणित झाली, वाक्यरचना व्हावयाची आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चूक कोणाची? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या ‘बी-१७’ विमानांचे वैमानिक जमिनीवर उतरल्यानंतर पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चाकेच मिटून घेत. आल्फॉन्स चॅपॅनिस यांनी दाखवून दिले की, या दोन कामांचे खटके शेजारी शेजारी आणि दिसावयास सारखे होते. चाकांच्या खटक्याला चाकासारखा आणि झडपांच्या खटक्याला पाचरीसारखा आकार द्यावा, म्हणजे हातालाच भेद कळेल, हा त्यांचा उपाय. १९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या ४६० ‘चुकां’चे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यांच्या शीर्षकातच ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द अवतरणचिन्हांत होते. त्या दोन चिन्हांत एका संपूर्ण शास्त्राची भूमिका सामावलेली आहे. अनेक माणसे एकाच जागी एकाच रीतीने चुकत असतील, तर ती चूक माणसांची म्हणता येत नाही, जागेची म्हणावी लागते.

भाषाभ्यासकाला ही भूमिका परकी वाटण्याचे कारण नाही. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला आपण पिढ्यान्‌पिढ्या अशुद्ध ठरविले. प्रमाणरूप कोणाच्या उच्चारावरून बेतले गेले, हा प्रश्न पुष्कळ उशिरा विचारला. निंदा करण्यापूर्वी वर्णन करावे, हे आपल्या शास्त्राने आपल्याला शिकविले आहे. यंत्राशी झगडणारा मनुष्यही त्या मुलासारखाच स्वतःला दोष देतो. ‘मला यातले काही कळत नाही’, असे म्हणून वयस्क प्राध्यापक बाजूला होतात आणि खोबण मात्र निर्दोष सुटते! या मांडणीची खरी किंमत वाया गेलेल्या मिनिटांत नाही. ती या खोट्या कबुलीत आहे.

म्हणून मांडणीची परीक्षा करताना सौंदर्य की उपयोग, असा ठोकळेबाज वाद घालण्यात अर्थ नाही. हात कोणत्या आसनातून आणि कोणत्या प्रसंगी तेथे पोहोचणार, चूक झालीच तर ती तत्क्षणी कळेल की तासाभराने, आणि रचनेत जी बचत झाली तिची भरपाई कोण करणार, एवढे तीन प्रश्न पुरेसे आहेत. आमच्या खोलीतील पेटी या तिन्ही प्रश्नांत अनुत्तीर्ण झाली होती. तिची पाठ भिंतीकडे आम्हीच केली होती, हेही कबूल केले पाहिजे. तेवढा वाटा आमचा. त्या विद्यार्थ्याचा वाटा मला आजही सापडत नाही. नोंदवहीतील तो शेरा मी अलीकडे खोडला आणि पुढे लिहिले : ‘मांडणीतील चूक’. त्या बाईंचे शब्द त्यामुळे परत येणार नाहीत. निदान दोष तरी आपल्या जागी नोंदला गेला.