जयंतीची परंपरा आणि शाहिराची संहिता

साहित्यिकाचा गौरव करणाऱ्या मंडळांच्या उपक्रमांचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावे? शिवडी-परळ-लालबागच्या गिरणवस्तीत गाजलेल्या अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) यांच्या संदर्भात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. दरवर्षी १ ऑगस्टला जयंतीनिमित्त प्रतिमापूजन, मिरवणुका, व्याख्याने होतात. २००२ मध्ये टपाल तिकीटही निघाले. यांतून लोकांची कृतज्ञता प्रकट होते, हे निर्विवाद आहे. परंतु अण्णाभाऊ केवळ ‘फकिरा’चे (१९५९) कादंबरीकार नव्हेत; अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारणारे ते शाहीर होत. कादंबरीची संहिता छापील पानावर पूर्ण होते. पोवाडा वा छक्कड मात्र डफ-तुणतुण्याच्या साथीने, झीलकऱ्यांच्या सुराने आणि श्रोत्यांच्या प्रतिसादानेच पूर्ण होते. तिचा छापील पाठ हा नुसता सांगाडा होय. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि तो श्रोतृवर्ग विखुरला. म्हणून स्मारक-मंडळांनी वृद्ध कामगारांच्या मुखी उरलेले पाठभेद, चाली व उच्चार ध्वनिमुद्रित करून चिकित्सक आवृत्ती सिद्ध करावी, असे आमचे मत आहे. पुतळा पुढेही उभारता येईल. हे कार्य लांबणीवर टाकण्याजोगे नाही.