नामदेव माळ्यानं पाणी कुठून आणलं?

बीबी का मकबऱ्यात आपण सगळेच गेलोय. शाळेच्या सहलीत, पाहुणे आले म्हणून, नाहीतर रील काढायला. पण तिथल्या एका माळ्यावर उर्दूत गाजलेलं व्यक्तिचित्र आहे आणि पाकिस्तानातली मुलं ते शाळेत शिकतात, हे मला इतकी वर्षं याच शहरात राहून माहीत नव्हतं. मला उर्दू लिपी येत नाही. ‘नामदेव माली’ मी फोनवर देवनागरीत वाचलं, शब्द अडला की शब्दकोश उघडत.

लेखक मौलवी अब्दुल हक. हापुडचे, अलीगढला शिकलेले, निजामाच्या शिक्षण खात्यात नोकरीला. औरंगाबादेत ते शिक्षणाधिकारी होते, पुढे इथल्या इंटरमीजिएट कॉलेजचे प्राचार्य झाले. ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ ही संस्था त्यांनी इथून चालवली आणि १९२१ मध्ये ‘उर्दू’ हे त्रैमासिक काढलं. मराठीवरच्या फारसीच्या प्रभावावरही त्यांनी पुस्तक लिहिलं. १९३८ मध्ये अंजुमन दिल्लीला हलली. १९४७ च्या दंगलीत तिथलं कार्यालय लुटलं गेलं आणि सत्तरी ओलांडलेले अब्दुल हक कराचीला गेले. तिथे त्यांनी संस्था पुन्हा उभी केली, १९६१ मध्ये तिथेच वारले.

नामदेवचं चित्र त्यांनी खिडकीतून काढलंय. त्यांचं घर बागेच्या आवारातच होतं आणि लिहायच्या टेबलासमोर मोठी खिडकी होती. तिथून त्यांना दिसतो तो एका रोपाचं आळं नीट करणारा, पाणी घालून मागे सरकत त्याच्याकडे बघणारा, स्वतःशीच हसणारा माणूस. लेखक त्याला विशेषणं लावत बसत नाहीत, त्याचं काम दाखवतात. म्हणूनच शेवट चटका लावतो. मधमाश्या उठतात, बाकीचे माळी पळतात. कामात बुडालेल्या नामदेवला पत्ता नसतो आणि तो जीव गमावतो.

माझं अडलं ते मधल्या एका प्रसंगात. दुष्काळ पडतो, विहिरी आटतात, बागा वाळतात. नामदेवची झाडं मात्र हिरवी, कारण तो लांबून एकेक घडा डोक्यावर आणतो, रात्रीसुद्धा. लेखक बक्षीस देऊ करतात. आपली पोरं वाढवल्याचं बक्षीस कोण घेतं, अशा अर्थाचं बोलून तो ते नाकारतो.

हा नामदेव त्या काळी अस्पृश्य ठरवलेल्या जातीतला. लेखक ते लपवत नाहीत, उलट जातिभेद माणसानं बनवलेला आहे असं बजावतात. पण मग हे पाणी कोणत्या विहिरीचं होतं? त्या काळात, दुष्काळात, अशा माणसाला कोणी घडा भरू दिला? रात्री जाण्याचं कारण फक्त टंचाई होतं का? १९२७ मध्ये महाडला ज्यासाठी सत्याग्रह करावा लागला, ती गोष्ट इथे ‘झाडांवरचं प्रेम’ होऊन जाते. खिडकीतून बाग दिसते, पाणवठा दिसत नाही. आयुष्यभर भाषेसाठी भांडलेल्या लेखकानं नामदेवची स्वतःची बोलीही आपल्याला ऐकवलेली नाही.

म्हणून लेख टाकाऊ ठरत नाही. अब्दुल हक यांनी लिहिलं नसतं तर नामदेव आपल्याला भेटलाच नसता. त्याच पुस्तकात सर सय्यद आणि हाली यांच्यासारखी मोठी माणसं आहेत. त्यांच्या पंगतीत एका माळ्याला बसवणं ही साधी गोष्ट नव्हती. फाळणीत लेखकाचं घर सुटलं, पण त्यांच्यामुळे औरंगाबादचा नामदेव सीमेपलीकडच्या वर्गांत पोचला. आपल्या वर्गात मात्र तो आला नाही. लिपी वेगळी म्हणून आपण ते पान उघडलंच नाही.

मकबऱ्यापासून नागसेनवन जवळ आहे. १९५० मध्ये बाबासाहेबांनी तिथे मिलिंद महाविद्यालय उभं केलं. लेखात न आलेल्या पाणवठ्याबद्दल विचारणारी मुलं त्या वर्गांतून शिकली. हा लेख मराठीत यायला हवा, आणि त्याच्या शेजारी तो प्रश्नही छापायला हवा.