वादातला अदब : गालिब आणि एक दखनी कोश

अदबीने बोला, असे आम्ही उर्दू शाळांतले शिक्षक मुलांना रोज बजावतो. दाखला मुशायऱ्याचा देतो. शमा नवख्यांपासून उस्तादांकडे सरकते, समोरचा दाद देतो. उर्दू जगातला सर्वात गाजलेला ग्रंथवाद मात्र वर्गात सांगायचे टाळतो.

सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत मुहम्मद हुसेन तब्रेझी यांनी ‘बुरहान-ए-काते’ हा फारसी कोश रचला. १८६२ साली मिर्झा गालिब यांनी ‘काते-ए-बुरहान’ लिहून त्यातल्या चुका दाखवल्या. कोशात चुका होत्याच. पण मिर्झासाहेबांनी चुकांबरोबर माणसालाही झोडपले, ‘दखनी’ म्हणून हिणवले. दोनशे वर्षांपूर्वीचा माणूस कबरीतून काय उत्तर देणार? आमच्या घरातली बोली दखनी, म्हणून हे आम्हाला बोचते असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे. गंमत अशी, की ज्या ‘दसातीर’ला कोशकार आणि टीकाकार दोघेही प्रमाण मानत होते, तो ग्रंथच पुढे बनावट ठरला.

मग उत्तरांची झुंबड उडाली. कलकत्त्याच्या आगा अहमद अलींनी १८६६ साली आधार देऊन मुद्द्यांचा प्रतिवाद केला. वादाची रीत हीच, असे आमचे मत. इतरांनी ती सोडली. खुद्द गालिबच्या बाजूने ‘लताइफ-ए-गैबी’ निघाले, ते आपल्या औरंगाबादच्या सय्याह या शागिर्दाच्या नावाने; लिहिणारे स्वतः गालिबच, असे अनेक अभ्यासक मानतात. दुसऱ्याच्या बुरख्याआडून स्वतःची बाजू मांडणे आम्हाला शिवीपेक्षा कमी बेअदबीचे वाटत नाही.

शिव्याही आल्याच, निनावी पत्रांतून. हाली यांनी ‘यादगार-ए-गालिब’मध्ये नोंदवले आहे, की आईवरून दिलेली शिवी वाचून गालिब हसले. म्हाताऱ्याला कोणती शिवी लागते हेही या मूर्खाला कळत नाही, म्हणाले. त्या हसण्याला आमची दाद आहे. पण छापील शिवी त्यांना सोसवली नाही. अमीनुद्दीन यांच्या पुस्तकावरून १८६७ साली त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. कोर्टात दिल्लीचे मौलवी साक्षीला उभे राहिले आणि त्या घाणेरड्या शब्दांचे सभ्य अर्थ सांगू लागले. कोशावरून पेटलेला वाद शब्दार्थांच्या अशा कसरतीपर्यंत आला! १८६८ साली तडजोड झाली, आणि १८६९च्या फेब्रुवारीत मिर्झासाहेब गेले. तब्रेझींचा कोश आजही अभ्यासक उघडतात.