विली हास : एका संपादकाचे देशांतर

विली हास यांच्या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रातील एक विधान काफ्काच्या अभ्यासकांत बरेच गाजले आहे. १८८० ते १८९० च्या सुमारास प्रागमध्ये जो जन्मला नाही त्याला काफ्का समजू तरी कसा शकतो, याची आपल्याला कल्पनाच करवत नाही, असा त्या विधानाचा आशय आहे. हे म्हणणारा मनुष्य सामान्य नव्हे. काफ्काचे नाव प्रागच्या चार मित्रांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नव्हते, त्या काळात ज्यांनी त्याचे लेखन छापले त्यांपैकी हास हे एक. तेव्हा या विधानाला अधिकाराचे वजन आहे. तरीही ते मान्य करणे जड जाते. आणि हास यांची सारी कारकीर्द डोळ्यांपुढे आणली म्हणजे ते अधिकच जड जाते. कारण या गृहस्थांनी जन्मभर जो उद्योग केला, तो या विधानाच्या नेमका विरुद्ध होता. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार करावयाचा आहे.

हास यांचा जन्म ७ जून १८९१ रोजी प्रागमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. त्या वेळी प्राग हे ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील बोहेमिया प्रांताचे मुख्य शहर होते. शहराची भाषा चेक. जर्मन बोलणारे लोक अल्पसंख्य, आणि त्यांतही ज्यू मोठ्या संख्येने. म्हणजे ज्या समाजात हास वाढले तो भाषेने भोवतालच्या चेक लोकांपासून वेगळा, आणि धर्माने इतर जर्मनभाषकांपासूनही वेगळा. अशा भाषिक बेटावर राहणाऱ्याला आपली भाषा हवेसारखी सहज लाभत नाही. ती जपावी लागते, घासूनपुसून वापरावी लागते. रस्त्यावर, बाजारात, नोकरचाकरांच्या बोलण्यात तिला नवे पाणी मिळत नाही. सरकारी बदलीच्या निमित्ताने परमुलखात संसार मांडलेल्या मराठी माणसाला हा अनुभव निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

कायद्याचा अभ्यास करीत असताना, वयाच्या विशीत, हास यांनी ‘हेर्डर-ब्लेटर’ नावाचे नियतकालिक संपादित केले. ते १९११ आणि १९१२ या दोनच वर्षांत निघाले, आणि त्याचे अंक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच झाले. पण त्या थोड्या पानांत कोण कोण येऊन गेले ते पाहावे. शाळेपासूनचा मित्र फ्रान्झ वेर्फेल त्यात होता. माक्स ब्रोड आणि काफ्का या दोघांनी मिळून लिहावयास घेतलेल्या ‘रिचर्ड आणि सॅम्युअल’ या कादंबरीचे पहिले प्रकरण तेथे आले. ती कादंबरी पुढे सरकलीच नाही. काफ्काने स्वतःच्या घरातील गोंगाटावर लिहिलेला एक छोटा गद्यखंडही तेथेच छापला गेला. एका शहरातील एका अल्पसंख्य भाषेचे हे मासिक, आणि त्याचा वाचकवर्ग तो कितीसा असणार! पण वाङ्मयाच्या इतिहासात वर्गणीदारांची यादी उरत नाही. कोणाला जागा दिली एवढेच उरते.

यानंतर हास यांचे देशांतर सुरू होते. प्रथम लाइप्सिकला कुर्ट वोल्फ या प्रकाशकाकडे हस्तलिखिते वाचण्याचे काम, मग पहिले महायुद्ध आणि ऑस्ट्रियाच्या सैन्यातील नोकरी, युद्धानंतर बर्लिन. ज्या साम्राज्याचे ते प्रजाजन म्हणून जन्मले ते १९१८ मध्ये नाहीसे झाले होते. बर्लिनमध्ये त्यांनी चित्रपटांची परीक्षणे लिहिली, पटकथाही लिहिल्या. पाब्स्ट याचा १९२५ मधील ‘दी फ्रॉयडलोजे गासे’ हा चित्रपट युद्धोत्तर व्हिएन्नातील चलनवाढ आणि उपासमार यांवर आहे, आणि ग्रेटा गार्बो हिच्या आरंभीच्या भूमिकांपैकी एक त्यात आहे. त्याची पटकथा हास यांची. मुर्नाउ याच्यासाठीही त्यांनी लिहिले. पण ज्यामुळे त्यांचे नाव राहिले ते काम त्याच वर्षी सुरू झाले. ऑक्टोबर १९२५ मध्ये प्रकाशक एर्न्स्ट रोव्होल्ट याच्या साहाय्याने ‘दी लितेरारिशे वेल्ट’, म्हणजे ‘साहित्यविश्व’, हे साप्ताहिक त्यांनी काढले.

वर्तमानपत्राच्या आकारात, आठवड्याच्या आठवड्याला, केवळ साहित्याला वाहिलेले पत्र चालविणे हे धाडस होते. पॅरिसमध्ये १९२२ पासून ‘ले नुव्हेल लितेरेर’ हे पत्र निघत होते; त्याचा आदर्श समोर होता. हास यांचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी आपले पत्र कोणत्याही एका पंथाचे होऊ दिले नाही. वाल्टर बेन्यामिन याचे प्रूस्तवरील आणि अतिवास्तववादावरील असे दोन्ही विख्यात निबंध १९२९ मध्ये याच साप्ताहिकात आले. बेन्यामिनला विद्यापीठाने दार उघडले नव्हते. हास यांच्या पत्राने त्याला लिहिते ठेवले. त्यांच्या संपादकीय धैर्याचे एक उदाहरण तर विनोदी म्हणावे असे आहे. १९२७ मध्ये पत्राने तरुण कवींची स्पर्धा जाहीर केली आणि परीक्षक म्हणून बेर्टोल्ट ब्रेख्तला बोलाविले. चारशेहून अधिक कविता आल्या. ब्रेख्तने त्या साऱ्या एका झटक्यात निकामी ठरविल्या आणि स्पर्धेत न आलेल्या, सायकल-शर्यतीच्या एका वीरावरील गीताला पसंती दिली. स्पर्धा भरविणाऱ्या पत्राची यात शोभाच झाली. पण हास यांनी तो निकाल दडपला नाही; परीक्षकाच्या शब्दांत छापला. नाराज कवी, त्यांचे मित्र, वर्गणीदार यांचा रोष ओढवून घेऊनही परक्याचे मत त्याच्या पूर्ण तीक्ष्णतेनिशी वाचकापुढे ठेवावयाचे, हे संपादकाचे पहिले कर्तव्य होय. आपल्याकडे श्री. पु. भागवत यांच्यासारख्या संपादकाने जे स्थान मिळविले ते केवळ चोखंदळ निवडीने नव्हे, तर निवडलेल्या लेखकाला पुरते उभे राहू देण्याच्या वृत्तीने मिळविले. हास त्याच जातीचे होते.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि हे पत्र हास यांच्या हातून गेले. ते प्रागला परतले. ओटो पिक या जुन्या सहकाऱ्यासह त्यांनी ‘दी वेल्ट इम वोर्ट’ हे नवे साप्ताहिक काढले. ते पुढील वर्षीच बंद पडले. याचे कारण संपादकाच्या गुणांत शोधण्याची गरज नाही. जर्मन भाषेचा मोठा वाचकवर्ग जर्मनीत होता आणि ती वाट आता बंद झाली होती. ‘हेर्डर-ब्लेटर’ला बेटावरचे थोडे वाचक पुरत होते, कारण ते तरुणांचे, हौसेचे मासिक होते, निर्वासितांच्या पोटापाण्याचा भार वाहणाऱ्या साप्ताहिकाला ते पुरेनात. संपादकाला लेखक मिळतात, शाई मिळते, कागदही उधार मिळतो. वाचक मात्र उधार मिळत नाही.

मार्च १९३९ मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले. त्या वसंतात मिलेना येसेन्स्का हिने काफ्काची तिला आलेली पत्रे हास यांच्या स्वाधीन केली. मिलेना ही चेक पत्रकार. काफ्काच्या ‘द स्टोकर’ या कथेचे चेक भाषांतर तिने १९२० मध्ये केले होते, आणि त्यातूनच हा पत्रव्यवहार वाढला. ती पुढे नाझींच्या हाती सापडली आणि मे १९४४ मध्ये राफेन्सब्र्युक येथील छळछावणीत मरण पावली. हास मात्र निसटले, आणि निसटून आले ते आपल्या मुंबईस.

मुंबईत त्यांच्या आधी काही वर्षे एक बोहेमियन संगीतकार येऊन राहिला होता : वाल्टर काउफमान. आकाशवाणीची जी ओळखधून आपण पहाटे ऐकत आलो, तिचे श्रेय सामान्यतः याच काउफमानला दिले जाते. दिग्दर्शक मोहन भवनानी यांच्याशी त्याचा परिचय होता. भवनानी जर्मनीत चित्रपटाचे शिक्षण घेऊन आलेले; १९३४ मध्ये प्रेमचंदांकडून ‘मिल’ या चित्रपटाची कथा लिहवून घेणारे तेच. या भवनानींच्या संस्थेसाठी हास पटकथा लिहू लागले. गार्बोच्या चित्रपटाचा लेखक हिंदी बोलपटांसाठी लिहितो ही घटना आपल्या चित्रपटाच्या इतिहासात जवळजवळ अनुल्लेखित राहिली आहे. त्यापाठोपाठ ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्याच्या पत्र-तपासणी खात्यात त्यांनी नोकरी केली. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचा मजकूर लोकांपर्यंत पोहोचविला, त्याच्यावर दुसऱ्यांचा मजकूर अडविण्याचे काम करण्याची पाळी आली. तरी मूळ प्रकृती गेली नाही. १९४२ मध्ये मुंबईतच ‘जर्मन्स बियॉण्ड जर्मनी’ हे इंग्रजी संकलन त्यांनी संपादित करून प्रसिद्ध केले. जर्मनीबाहेरचे जर्मन हा विषय त्यांना ग्रंथालयात शोधावा लागला नसेल. पण हे संकलन इंग्रजीत निघाले, याचा अर्थ त्याचा वाचक हिंदुस्थानी होता. जर्मन वाङ्मय मुंबईच्या वाचकाला समजू शकते, असा विश्वास असल्याखेरीज हे पुस्तक कोणी काढले नसते. आत्मचरित्रातील त्या विधानाला पंधरा वर्षे आधीच हास यांनी स्वतःच्या हाताने उत्तर देऊन ठेवले होते.

युद्धानंतर हास युरोपास परतले आणि हाम्बुर्गच्या ‘दी वेल्ट’ या दैनिकात लिहू लागले. तेथील सदरासाठी त्यांनी टोपणनाव घेतले ‘कॅलिबन’. शेक्सपिअरच्या नाटकातील हा बेटावरचा दास. परक्याची भाषा शिकतो आणि शिव्याशाप देता येणे हाच तिचा लाभ मानतो. ज्या भाषेच्या राष्ट्राने आपल्याला हाकलले, त्याच भाषेत परत येऊन लिहिणाऱ्या या लेखकाने प्रॉस्पेरोचे नाव घेतले नाही, कॅलिबनचे घेतले. या निवडीत जो कडवटपणा आहे तो त्यांच्या सुसंस्कृत गद्यात सहसा वर येत नाही.

१९५२ मध्ये त्यांनी काफ्काची मिलेनास लिहिलेली पत्रे संपादित करून छापली. हा ग्रंथ त्यांची कीर्ती दूरवर घेऊन गेला, आणि त्यांच्यावरील सर्वांत गंभीर आक्षेपही येथेच उद्भवतो. हयात व्यक्तींना दुखवू नये म्हणून त्यांनी काही मजकूर गाळला. हा हेतू सभ्य आहे. आणि त्या काळी तो अनेकांना रास्त वाटला असेल. परंतु या पत्रांत स्वतः हासही एक पात्र आहेत. मिलेनाच्या एका मैत्रिणीच्या पतीने १९२० मध्ये आत्महत्या केली. त्या मैत्रिणीशी पुढे हास यांचा विवाह झाला. आणि काफ्काने त्या शोकप्रकरणाविषयी पत्रांतून पुन्हापुन्हा लिहिले आहे. कचेरीत काम केलेल्या कोणालाही हा नियम ठाऊक असतो, की ज्या प्रकरणात आपला संबंध आहे त्याच्या फायलीवर आपण शेरा मारू नये. हास यांनी ही पत्रे वाचविली, याबद्दल जग त्यांचे ऋणी आहे. पण ती संपादित करण्याचे काम त्यांनी दुसऱ्याकडे सोपवावयास हवे होते. ब्रेख्तचा गैरसोयीचा निकाल जसाच्या तसा छापणारा संपादक येथे डगमगला असे म्हणावे लागते. अधिक संपूर्ण आवृत्ती निघण्यास १९८३ साल उजाडावे लागले. तत्पूर्वीच, ४ सप्टेंबर १९७३ रोजी, हास हाम्बुर्ग येथे निवर्तले होते.

आता मूळ विधानाकडे वळू. १९३० मध्ये हास यांचा ‘गेश्टाल्टेन डेर त्साइट’ हा निबंधसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी काफ्काचा धर्मशास्त्रीय अर्थ लावला होता : ‘द कॅसल’मध्ये ईश्वरी कृपेचे क्षेत्र, ‘द ट्रायल’मध्ये न्याय आणि दंड यांचे. अर्थ सुबक होता, आणि लावणारा प्रागचाच होता. पण १९३४ मध्ये बेन्यामिनने काफ्कावरील निबंधात हा अर्थ तपासला आणि तो फार सोयीचा, म्हणूनच मूळ लेखनाला मुकणारा ठरविला. हा बेन्यामिन बर्लिनचा! काफ्काच्या गल्लीबोळांशी त्याचे जन्मजात नाते नव्हते. आज काफ्कावर विचार करताना अभ्यासक कोणाकडे प्रथम वळतो? प्रागच्या माणसाकडे नव्हे, बर्लिनच्या परक्याकडे. आणि या परक्याला ज्याने आठवड्यामागून आठवडे जागा दिली तो संपादक विली हास हाच होता.

मग त्यांनी असे का लिहावे? मला वाटते, हे टीकाकाराचे विधान नाही. ते शोकोद्गार आहे. १९५७ पर्यंत काफ्काचे प्राग उरले नव्हते. तेथील जर्मनभाषक ज्यूंचा समाज छळछावण्यांत नष्ट झाला होता. काफ्काच्या तिन्ही बहिणीही त्यात गेल्या. जगभर काफ्कावर ग्रंथ निघत होते, आणि ज्यांच्या घरांतील, ज्यांच्या जिन्यांवरील, ज्यांच्या बोलण्याच्या लकबीतील हे लेखन होते ती माणसे मात्र कोठेच नव्हती. अशा वेळी मागे राहिलेल्याला ‘तुम्हाला तो कळणार नाही’ असे म्हणावेसे वाटले, तर त्याचा अर्थ ‘मला ती माणसे परत हवीत’ एवढाच घ्यावा. आत्मचरित्रालाही त्यांनी बंद पडलेल्या साप्ताहिकाचेच नाव दिले, यातही हीच ओढ आहे.

शोकाचा मान राखूनही वाङ्मयीन सिद्धांत म्हणून ते विधान नाकारले पाहिजे. तसे न केले तर भाषिक बेटावर काढलेले प्रत्येक मासिक म्हणजे गावकऱ्यांनी गावकऱ्यांना लिहिलेले पत्र ठरेल. ‘हेर्डर-ब्लेटर’ तसे नव्हते. त्याचे वाचक मूठभर होते, पण त्यात छापलेला मजकूर परक्या गावी, परक्या भाषेत वाचला गेला, आणि समजलाही. विली हास यांच्या मताहून त्यांचे काम मोठे होते. त्यांचा निवाडा त्या कामावरून करणे हेच न्याय्य होय.