कापूस, कर्ज आणि कुमारप्पा

काही ग्रंथांचे नाव सर्वांच्या ओठी असते, पण त्यांची पाने फारशी उलटली जात नाहीत. डॉ. जे. सी. कुमारप्पा यांचा ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा अशांपैकी एक होय. जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेला हा ग्रंथ १९४५ साली वर्ध्याच्या मगनवाडीतून, अखिल भारत ग्रामोद्योग संघातर्फे, गांधीजींच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. ‘पर्यावरण’ हा शब्द आपल्या बोलण्यात रुळण्याच्या कितीतरी आधी निसर्ग, अर्थकारण आणि समाज या तिहींचा हिशेब एकाच वहीत मांडण्याचा हा प्रयत्न होता. तो हिशेब आज वर्धा जिल्ह्याच्याच मातीत ताडून पाहावा, असे आम्हांस वाटते.

आपल्या वाचकांना लेखकाविषयी विशेष आपुलकी वाटावी, असे कारण आहे. १८९२ साली तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडनमध्ये ते हिशेबतपासनीस झाले, पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले आणि १९२९ साली गांधीजींच्या सहवासात आले. कायदेभंगाच्या काळात अहिंसक लढ्याविषयी ख्रिस्ती माणसाची भूमिका काय असावी, यावर त्यांनी कलकत्त्याच्या अँग्लिकन बिशपांशी पत्राद्वारे स्पष्ट वाद घातला. येशूच्या शिकवणुकीवरही त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यांचे अर्थशास्त्र आणि त्यांची श्रद्धा ही एकाच झाडाची दोन फळे आहेत.

ग्रंथाचा गाभा सोपा आहे. खाणीतला कोळसा किंवा जमिनीखालचे तेल हा साठा आहे. जितके उपसावे तितका तो घटतो. वाहती नदी आणि वाढते जंगल हा ओघ आहे. मर्यादा पाळली तर तो आटत नाही. साठ्यावर उभारलेली व्यवस्था अल्पजीवी ठरते व कलहाला जन्म देते. ओघावर उभारलेली व्यवस्था टिकते. मग कुमारप्पा निसर्गातील व्यवहाराच्या पाच पायऱ्या सांगतात. परोपजीवी वनस्पती यजमान झाडालाच शोषते, ही सर्वांत खालची. आमराईत शिरून फळे खाणारे, पण झाडासाठी काहीही न करणारे माकड दुसरे. मध घेता घेता फुलांचे फलन साधणारी मधमाशी तिसरी. तीच माशी स्वतःसाठी नव्हे तर साऱ्या पोळ्यासाठी राबते, तेव्हा चौथी पायरी येते. आणि मोबदल्याची अपेक्षा न धरता पिलांना भरवणारा पक्षी ही पाचवी, सेवेची पायरी होय.

आता गिरडकडे वळू. समुद्रपूर तालुक्यातील हे गाव टेकडीवरच्या ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्यामुळे सर्वधर्मीय भाविकांना परिचित आहे. टेकडीवर झिओलाइट या खनिजाचे गोल खडे सापडतात. दोन व्यापाऱ्यांनी संताची टवाळी केली, तेव्हा त्यांच्या मालाचे दगड झाले. त्यांनी क्षमा मागताच संताने सुक्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला, अशी आख्यायिका आहे. तिच्या सत्यासत्यतेत आम्ही शिरत नाही. पालापाचोळ्यातून धन निर्माण होते, ही गोष्ट मात्र शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही.

या मुलखातील कास्तकाराची जुनी घडी अशीच होती. देशी कापसाचे बी घरचे असे. सरकी आणि ज्वारीचा कडबा जनावरांना, ज्वारी माणसांना, शेणखत वावराला, आणि सालदाराच्या मोबदल्यात धान्याचाही वाटा. वर्ध्याची गवळाऊ बैलजोडी या साखळीचीच एक कडी होती. पुढे संकरित कापूस आला. त्यानंतर सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा गेला तशी दावणीची जनावरे घटली. जनावरे घटली तसे शेणखत आटले आणि खताची गोणी उधारीवर आणणे भाग पडले. मजुराच्या घरी येणारे धान्य थांबले, ते वेगळेच. जमिनीचा कस, घरचे कर्ज आणि मजुराचे ताट या तीन वेगळ्या समस्या नाहीत. एकाच धाग्याची ती तीन टोके आहेत.

२००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. आरंभी फवारण्या कमी झाल्या, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु हे बियाणे संकरित वाणांच्या रूपात आल्यामुळे दरवर्षी विकत घेणे अटळ झाले. आणि शेतात दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी पोसली गेली, बीटीच्या विषाला पचवू लागली. २०१७ च्या हंगामात विदर्भभर तिने बोंडे पोखरली. त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ‘साठा’ आणि ‘ओघ’ या शब्दांचा अर्थ येथे कोशात शोधावा लागत नाही.

शासनाने हात आखडला, असे म्हणता येणार नाही. २००६ साली वर्ध्यासह विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी केंद्राने ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. २००८, २०१७ आणि २०१९ या वर्षी कर्जमाफ्या झाल्या. अडचणीतल्या माणसाला तो आधार हवाच होता. पण माफीने बँकेच्या खात्यातली बाकी पुसली जाते; जमिनीच्या खात्यातली बाकी तशीच राहते व पुढच्या पेरणीला नवे कर्ज उभे करते. हिशेबतपासनीस कुमारप्पांनी नेमके हेच दुसरे खाते उघडून दाखवले, ही त्यांची थोरवी होय.

तथापि ग्रंथाच्या उणिवांकडे डोळेझाक करून चालणार नाही. एक लाख लोकवस्तीला सकस आहारासाठी किती जमीन लागेल, याचे कोष्टक देऊन कुमारप्पा आधी अन्नाची पिके घ्या, असे सांगतात आणि कोणत्या जमिनीत काय पिकवावे, यासाठी परवाने सुचवतात. कोष्टक विचार करण्याजोगे आहे. परवाना मात्र कोणाच्या हाती? ज्याच्या डोक्यावर सावकाराचे कर्ज आहे, तो रोख पैसा देणाऱ्या पिकाकडेच धावणार. मधमाशी होण्याची इच्छा असूनही त्याला तसे जगू न देणाऱ्या बाजाराचा उलगडा या पानांत पुरेसा होत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. कुमारप्पांचे गाव फार सोज्ज्वळ आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या याच गौरवीकरणावर कठोर प्रहार केला, तो निराधार नव्हता. जुन्या घडीत शेणखत होते, तशी अस्पृश्यताही होती. सालदाराला धान्य मिळे, पण जमीन मिळत नसे. निंदणी व वेचणी स्त्रियांनी करायची आणि सातबारावर नाव मात्र पुरुषाचे, ही रीतही जुनीच आहे. जी व्यवस्था मातीला टिकवते पण माणसाला वाकवते, तिला ‘शाश्वत’ म्हणणे आम्हांस मान्य नाही. म्हणून जुन्या घडीकडे परत फिरणे हा उपाय नव्हे. तिच्यातला मातीचा न्याय घ्यावा आणि माणसांवरील अन्याय टाकावा.

येथे दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाची आठवण होते. निसर्गाचे संकट आणि समाजाचे संकट अशी विभागणीच त्यांनी नाकारली आहे. त्याच्या सत्तर वर्षे आधी मगनवाडीतून निघालेल्या विचाराशी हे सूत्र जुळते. पण परिपत्रकात गरिबांचा आक्रोश धरित्रीच्या आक्रोशाइतकाच स्पष्ट ऐकू येतो. कुमारप्पांच्या ग्रंथात जे कमी पडते, ते येथे भरून निघते.

आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक कुटुंबे गिरडपासून दूर राहतात, पण अंगावरचे सुती कापड व ताटातली भाकरी त्यांना तेथील वावराशी जोडते. ज्वारीला परवडेल असा भाव द्यायला आपण तयार आहोत का? पतपेढीच्या सभेत कर्जाचा प्रश्न निघतो, तेव्हा जमिनीच्या कसाचा आणि मजुराच्या रोजीचा प्रश्नही त्याच टेबलावर येतो का? घरी वडिलोपार्जित जमीन असेल, तर सातबारावर लेकीसुनेचे नाव आहे का? कुमारप्पांचा ग्रंथ उघडताना हे तीन प्रश्न शेजारी ठेवावेत. त्यांची उत्तरे तयार मिळणार नाहीत. पण सारा हिशेब एकाच वहीत मांडण्याची सवय लागेल.