खांबाभोवतीचं सेंटिमीटरभर कवच

विटांचा खांब भाराखाली मोडतो तो उभा फाटून. दोन विटांमधला मसाला विटेपेक्षा मऊ. दाब आला की तो बाजूला पसरू पाहतो आणि विटेलाही सोबत ओढतो. दाब निमूट सोसणारी वीट ओढीला मात्र हळवी, म्हणून तिला उभी चीर जाते. टेक्स्टाइल-रीइन्फोर्स्ड मॉर्टर, म्हणजे मसाल्यात बसवलेल्या तंतूंच्या जाळीचं वेष्टन, नेमकं हे बाजूला फुगणं आवरतं. खांब फुगायला लागेपर्यंत ते जवळजवळ काहीच करत नाही. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

आता कोपरे पाहा. जाळी चढवण्याआधी चौकोनी खांबाचे कोपरे घासून साधारण दोन सेंटिमीटर त्रिज्येचे गोल करतात. वरवर पाहणाऱ्याला ही सजावट वाटेल. पण धारदार कोपऱ्यावर ताण एकवटतो, आणि ओढ सोसण्यात पोलादाला मागे टाकणारा कार्बनचा धागा तिथेच तुटतो. जाळीचा आतल्या बाजूचा दाबही मुख्यतः कोपऱ्यांतूनच पोहोचतो; सपाट बाजूंच्या मध्यावर पकड ढिली पडते. सगळा खांब तोलून धरण्याचं काम त्या चार गोलाव्यांचं.

मग वीट भिजवायची, नाहीतर ती मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते. तीन-चार मिलिमीटरचा थर द्यायचा, तो ओला असतानाच जाळी ताणून थापीने दाबायची. प्रत्येक घरातून मसाल्याचा छोटा गोळा वर फुगून आला, की पकड बसली. वर पुन्हा थर, आणि वेढ्याचं टोक सुरुवातीवर पुरेसं चढवून घ्यायचं. एका जाळीचं कवच जेमतेम सेंटिमीटरभर होतं. जाळी काचेची असेल तर झिर्कोनियायुक्त काच हवी, साधी काच सिमेंटमधल्या अल्कलीने झिजते.

ग्रीसमधल्या पत्रास विद्यापीठात त्रियांताफिलू आणि पापानिकोलाऊ यांनी 2006च्या सुमारास अशी वेष्टनं काँक्रीटवर तपासली, ती इपॉक्सी राळेने चिकटवलेल्या वेष्टनांना पर्याय म्हणून. इपॉक्सी उष्णतेने मऊ पडतं, ओल्या पृष्ठभागावर नीट धरत नाही, भिंतीतली वाफही कोंडतं. जुन्या बांधकामाला, त्यातही चुन्याच्या मसाल्याला, हा फरक जीवनमरणाचा.

इपॉक्सी धाग्याच्या गाभ्यापर्यंत झिरपतं. मसाल्याचे कण तेवढे बारीक नसतात. त्यामुळे धाग्यातले बाहेरचे तंतू घट्ट धरले जातात, आतले थोडे सरकतात. बळ काहीसं कमी पडतं खरं. पण त्याच सरकण्यामुळे कवचावर आधी बारीक भेगा उमटतात आणि खांब एकाएकी न कोसळता सावकाश दमतो.